विश्लेषण : हाताच्या पंजात मावणारा ११८ कोटींचा कॅमेरा! ‘लायका’ घडवणारे ऑस्कर बार्नाक कोण होते?

जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेट्झलार या गावात एका जुन्या कॅमेऱ्याचा लिलाव झाला. कॅमेरा हाताच्या पंजात मावेल एवढाच, रंग जागोजागी उडालेला, त्यावर क्रमांक १०५. लिलावापूर्वी त्याची किंमत २० ते ३० लाख युरो येईल असा अंदाज होता. बोली थांबली ती १ कोटी २० लाखांवर. लिलावगृहाचे शुल्क धरून खरेदीदाराला १ कोटी ४४ लाख युरो मोजावे लागले. त्या वेळच्या दराने सुमारे ११८ कोटी रुपये. तोवर जगात कोणत्याही कॅमेऱ्याला एवढी किंमत आली नव्हती.

याच मालिकेतला क्रमांक १२२ चा कॅमेरा २०१८ मध्ये व्हिएन्नात २४ लाख युरोंना विकला गेला होता आणि तोही तेव्हा विक्रमच ठरला होता. दोन्ही कॅमेरे एकाच कारखान्यातले, एकाच काळातले. मग किमतीत सहापट फरक कशामुळे? १०५ क्रमांकाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवर एक नाव कोरलेले आहे, ऑस्कर बार्नाक. हा कॅमेरा ज्यांनी घडवला, त्यांनी स्वतः वापरलेला तो कॅमेरा होता. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात कशाला पैसे मिळतात आणि कशाला मिळत नाहीत, हे समजून घ्यायचे तर या माणसाचे आयुष्य पाहावे लागते.

चित्रकार व्हायचे होते, झाले यंत्र कारागीर

बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी ब्रांडेनबुर्ग प्रांतातील लिनो या खेड्यात झाला. निसर्गचित्रे काढणारा चित्रकार व्हावे, असे त्यांच्या मनात होते. पण घरच्यांना मुलाच्या हाती पोटापाण्याचा धंदा हवा होता. त्यामुळे बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे येथे खगोलशास्त्राची उपकरणे बनवणाऱ्या एका कारागिराकडे त्यांनी उमेदवारी केली. त्या काळच्या जर्मन रीतीप्रमाणे शिकून झालेला कारागीर गावोगाव फिरून काम करत असे. बार्नाकही असेच फिरले आणि १९०२ मध्ये येना येथील कार्ल झाइस कंपनीत लागले. भिंगे आणि सूक्ष्मदर्शक यांत झाइसचे नाव तेव्हा जगभर होते.

येनाच्या आसपास थुरिंगियाचे डोंगर आणि जंगल. सुट्टीच्या दिवशी बार्नाक कॅमेरा घेऊन तिकडे भटकत. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्यासोबत १३ बाय १८ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेटा, त्या ठेवायच्या चौकटी आणि तिवई. एक प्लेट म्हणजे एक फोटो. दहा फोटो काढायचे तर दहा काचा पाठीवर. त्यात बार्नाक यांना दमा होता. चढावर हे ओझे वाहून नेणे म्हणजे शिक्षाच.

त्यांनी यावर एक उपाय करून पाहिला. एकाच मोठ्या प्लेटवर पंधरा-वीस लहान फोटो ओळीने काढायचे आणि नंतर ते मोठे करायचे. कल्पना बरोबर होती, पण प्लेटवरच्या रसायनाचे कण एवढे जाड होते की लहान फोटो मोठा केला की तो खरखरीत आणि अस्पष्ट दिसे. बार्नाक यांनी तो नाद सोडला. निगेटिव्ह लहान आणि छापील फोटो मोठा, हे सूत्र मात्र डोक्यात राहिले.

मित्राची शिफारस

झाइसमध्ये त्यांचा एक सहकारी होता, एमिल मेखाऊ. चित्र लुकलुकणार नाही असा सिनेमाचा प्रोजेक्टर बनवण्याच्या ध्यासाने मेखाऊ येना सोडून वेट्झलारला एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात गेले. हा कारखानाही सूक्ष्मदर्शकांचाच. तिथे प्रायोगिक विभागासाठी कुशल माणूस हवा होता आणि मेखाऊ यांनी बार्नाक यांचे नाव सुचवले.

बार्नाक मात्र कचरत होते. आपण वरचेवर आजारी पडतो, नव्या ठिकाणी आपला निभाव लागेल का, ही शंका त्यांना होती. लाइट्झ कंपनीने तरीही बोलावले आणि जानेवारी १९११ मध्ये ते वेट्झलारला रुजू झाले. पुढची पंचवीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते तिथेच राहिले. स्वतःची कंपनी काढली नाही. छायाचित्रणाचा इतिहास बदलणारा हा माणूस अखेरपर्यंत पगारी नोकर होता, हे आजच्या संस्थापकपूजेच्या काळात जरा वेगळेच वाटते.

सिनेमाची फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यात

वेट्झलारमध्ये बार्नाक यांनी चलच्चित्राचा एक कॅमेरा तयार केला. त्यात वापरली जाई ती ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली सिनेमाची फिल्म. काचेच्या प्लेटवर जमले नव्हते ते या फिल्मवर जमेल, हे त्यांच्या लक्षात आले. फिल्मचे कण बारीक होते, ती गुंडाळता येत होती आणि वजन जवळपास नव्हतेच.

सिनेमात ही फिल्म उभी सरकते आणि एका चित्राला १८ बाय २४ मिलिमीटर जागा मिळते. बार्नाक यांनी फिल्म आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली. झाले २४ बाय ३६ मिलिमीटर. कडेची आठ भोके पुढे सरकली की पुढचा फोटो. एका रिळात ३६ फोटो का, याची एक कथा सांगतात. बार्नाक यांनी दोन्ही हात पसरून जेवढी फिल्म धरता आली तेवढी घेतली म्हणे. कथा गोड आहे, पण तिच्यावर पैज लावू नये.

१९१४ च्या वसंतापर्यंत कॅमेरा तयार झाला. आज त्याला ‘उर-लायका’, म्हणजे आद्य लायका, म्हणतात. धातूचे गोलसर कडांचे अंग, पुढे आत-बाहेर सरकणारी लेन्स, वर एक चकती. ती फिरवली की फिल्मही पुढे सरके आणि पडद्याचे शटरही पुन्हा ताणले जाई. फिल्म सरकवायला विसरून एकावर एक दोन फोटो काढण्याची चूक यामुळे टळली. एक उणीव मात्र होती. शटर ताणताना पडद्यातली फट झाकली जात नसे. त्यामुळे तेवढ्यापुरते लेन्सवर झाकण ठेवावे लागे, नाहीतर फिल्मवर उजेड पडे.

हे यंत्र कशासाठी बनले, यावर जाणकारांत मतभेद आहेत. सिनेमाच्या फिल्मवर किती प्रकाश द्यायचा, हे थोडक्या फिल्मवर तपासण्यासाठी बार्नाक यांनी ते बनवले, असे काही जण मानतात. डोंगर चढताना धाप लागणाऱ्या छायाचित्रकाराची ती जुनी गरज होती, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

त्या कॅमेऱ्याने काय टिपले?

बार्नाक यांनी आपल्या मुलांचे फोटो काढले, गावातले रस्ते टिपले. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा वेट्झलारच्या चौकात सैन्यभरतीचा हुकूम लावला गेला. हुकूम लावणारा गणवेशातला माणूस आणि भोवतीची माणसे बार्नाक यांनी टिपली. १९२० मध्ये लान नदीला पूर येऊन गावात पाणी शिरले, तेव्हाही ते कॅमेरा घेऊन बाहेर पडले. तिवई नाही, काळे कापड नाही, लोकांना उभे राहायला सांगणे नाही. आज बातमीचा फोटो म्हणून आपण जे ओळखतो, त्याची ही फार लवकरची उदाहरणे आहेत.

कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ दुसरे १९१४ मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा त्यांनीही हा छोटा कॅमेरा सोबत नेला होता आणि न्यूयॉर्कमध्ये फोटो काढले होते. म्हणजे मालकाला या वस्तूची ताकद कळली होती. पण युद्ध आले आणि काम दहा वर्षे रेंगाळले.

१९२४ चा जुगार

युद्ध हरलेल्या जर्मनीत १९२३ मध्ये चलन एवढे घसरले की पावाला कोट्यवधी मार्क मोजावे लागत. कारखान्यांना काम नव्हते. याच सुमारास लाइट्झ यांनी चाचणीसाठी २५ च्या आसपास कॅमेरे बनवून घेतले. क्रमांक १०१ पासून पुढे. हीच ती ‘शून्य मालिका’. त्यांतले काही बाहेरच्या छायाचित्रकारांना वापरायला दिले. प्रतिसाद संमिश्र आला. एवढ्याशा निगेटिव्हवर गंभीर काम होईल का, शिवाय प्रत्येक फोटो मोठा करायचा खटाटोप कोण करणार, अशा शंका होत्या. कॅमेरे विकणाऱ्यांनाही हे खेळणे वाटले तर नवल नाही.

जून १९२४ मध्ये वेट्झलारला कंपनीत दीर्घ बैठक झाली. बहुतेक सल्लागार विरोधात होते. सूक्ष्मदर्शकांचा जम बसलेला धंदा सोडून, देशाची अर्थव्यवस्था नुकतीच कोसळलेली असताना, कोणी मागितलेलाही नाही असा कॅमेरा बाजारात कशासाठी आणायचा? हिशेबाने पाहिले तर त्यांचे चूक नव्हते. लाइट्झ यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि जोखीम पत्करायची असा निर्णय देऊन बैठक संपवली. कामगारांच्या हाताला काम मिळावे, हाही त्यामागचा एक विचार होता.

या यशात आणखी एका माणसाचा वाटा मोठा आहे, माक्स बेरेक. लहान निगेटिव्ह कितीही पट मोठे करायचे तर लेन्स तेवढीच धारदार हवी. बेरेक यांनी ५० मिलिमीटरची लेन्स रचली, तीच पुढे ‘एलमार’ म्हणून गाजली. बार्नाक यांनी दरम्यान शटरमधली ती उणीवही काढली. आता झाकणाची गरज उरली नाही. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून नाव ठेवले लायका.

नंतरची प्रगती झपाट्याने झाली. १९३० मध्ये लेन्स बदलता येऊ लागली. १९३२ मध्ये अंतर मोजणारा रेंजफाइंडर कॅमेऱ्यातच आला, १९३३ मध्ये शटरचे मंद वेग आले. बार्नाक १६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम येथे वारले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. तोवर लायकाचे क्रमांक दीड लाखाच्या पुढे गेले होते. १९७९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाने छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला.

तुमच्या मोबाइलमध्ये बार्नाक कुठे आहेत?

मोबाइलवर काढलेल्या फोटोचे तपशील उघडले की अनेक फोनमध्ये २४ मिमी किंवा २६ मिमी असा आकडा दिसतो. फोनची लेन्स प्रत्यक्षात काही मिलिमीटरचीच असते. २४ बाय ३६ च्या चौकटीवर जेवढे दृश्य मावेल तेवढेच दृश्य फोन टिपतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या जाहिरातीतले ‘फुल फ्रेम’ म्हणजे हीच चौकट. सिनेमाची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून बार्नाक यांनी ठरवलेले माप शंभर वर्षांनंतरही मोजपट्टी म्हणून टिकले आहे.

१०५ ला एवढी किंमत का?

शून्य मालिकेतले जेमतेम डझनभर कॅमेरे आज अस्तित्वात असल्याचे मानले जाते. दुर्मीळता हे पहिले कारण. पण ते तर १२२ क्रमांकालाही लागू होते. खरा फरक पडला तो कॅमेऱ्याच्या वंशावळीमुळे. १०५ हा बार्नाक यांनी स्वतः वापरला, घरच्या माणसांचे फोटो त्यावर काढले, वापरताना जाणवलेल्या त्रुटी पुढच्या मॉडेलांत दुरुस्त केल्या. नंतर तो मुलगा कॉनराड याच्याकडे गेला आणि १९६० मध्ये एका अमेरिकी संग्राहकाने घेतला. कॅमेरा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याची साखळी कुठे तुटत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात या साखळीलाच सर्वाधिक पैसे मिळतात. नुसते कोरलेले नाव असते आणि मागचा इतिहास नसता, तर तज्ज्ञांनी आधी संशय घेतला असता.

संशय घेण्याला कारणही आहे. लायका हा बहुधा जगात सर्वाधिक नक्कल झालेला कॅमेरा असावा. सोव्हिएत संघात खारकिव्ह येथे अनाथ मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून ‘फेड’ नावाची लायकाची हुबेहूब प्रतिकृती बनू लागली. युद्धानंतर ‘झोर्की’ आला. हे कॅमेरे आपापल्या नावाने विकले गेले, त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक नंतर सुरू झाली. फेड आणि झोर्कीवरची मूळ अक्षरे घासून तिथे लायकाचे नाव कोरायचे, सोनेरी मुलामा द्यायचा, वर नाझी गरुड किंवा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचे चिन्ह उठवायचे आणि दुर्मीळ म्हणून खपवायचे. लाइट्झने १९३० च्या आसपास सोनेरी मुलाम्याचे ‘लक्झस’ मॉडेल खरोखर काढले होते, पण तेही शंभराच्या आत. आज बाजारात फिरणारे सोनेरी लायका त्याहून किती तरी जास्त आहेत!

ओळखायचे कसे? लेन्स काढून आत वरच्या बाजूला पाहावे. रेंजफाइंडरला जोडलेली एक लहान दांडी दिसते. खऱ्या लायकात तिच्या टोकाला गोल चाक असते, सोव्हिएत कॅमेऱ्यात पाचरीसारखे टोक. दुसरी तपासणी क्रमांकाची. कोणते क्रमांक कोणत्या वर्षी, कोणत्या मॉडेलला दिले याच्या याद्या उपलब्ध आहेत आणि नकली कॅमेऱ्यावरचा क्रमांक बहुधा मॉडेलशी जुळत नाही.

इथे एक गुंता आहे. क्रमांक १९२७ चा आणि कॅमेऱ्यावर १९३२ नंतरचा रेंजफाइंडर, असे दिसले म्हणून तो लगेच नकली ठरत नाही. जुने मॉडेल परत पाठवले तर कारखाना त्याला नवे भाग बसवून देत असे. गिऱ्हाइकाला नवा कॅमेरा घ्यावा लागत नसे. त्या काळी सोयीची असलेली ही सेवा आज संग्राहकांच्या मुळावर आली आहे, कारण त्यामुळे मूळ रूपातले पहिले लायका कमी उरले. असा बदललेला कॅमेरा अस्सलच असतो, पण न बदललेल्याला भाव जास्त. शून्य मालिकेची कंपनीनेच २००० साली काढलेली चालती प्रतिकृतीही बाजारात दिसते. ती चांगली वस्तू आहे, फक्त मूळ समजून पैसे मोजू नयेत.

घरातल्या जुन्या कॅमेऱ्याचे काय?

लायकाच्या लिलावाची बातमी आली की माळ्यावरचे कॅमेरे खाली येतात. महाराष्ट्रातल्या घरांत बहुतेक वेळा निघतो तो अ‍ॅग्फाचा क्लिक ३ किंवा एखादा साधा बॉक्स कॅमेरा. त्याची आठवण मोलाची असते, बाजारभाव मात्र किरकोळ, कारण ते मोठ्या संख्येने विकले गेले होते. नुसते वय कामाचे नाही. किती बनले, त्यातले किती उरले, कोणत्या स्थितीत उरले आणि त्यांच्यामागे काय कागदपत्रे आहेत, या क्रमाने प्रश्न विचारावेत.

चोर बाजारात किंवा ऑनलाइन एखादा ‘बार्नाक’ दिसला (बार्नाक यांच्या रचनेवरच्या, आट्यांनी लेन्स बसणाऱ्या जुन्या लायकांना संग्राहक याच नावाने ओळखतात), तर आधी लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून पाहावा. आपल्या पावसाळी हवेत बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत निम्म्यावर आणून बोलायला हरकत नाही. मग कॅमेऱ्याचे शटर. रबर लावलेल्या कापडाचे ते पडदे वर्षानुवर्षांनी तडकतात, बारीक भोके पडतात आणि फोटोवर पांढरे ठिपके येतात. लेन्स काढून उजेडासमोर धरले की ते समजते. मंद वेगावर शटर अडकते का, तेही ऐकावे. या दुरुस्त्या होतात, पण जाणणारे कारागीर थोडे आणि मजुरी बरीच, तेव्हा तो खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

विकणाऱ्यांसाठी एकच सांगणे. कॅमेरा घासूनपुसून लखलखीत करू नये, रंग तर मुळीच देऊ नये. काळा रंग झिजून खालचे पितळ दिसू लागले, तर संग्राहकाला तो वापराचा खरा पुरावा वाटतो. चामड्याची पेटी, मूळ खोका, दुकानाची पावती, आजोबांनी त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंची पाकिटे असे जे काही असेल ते सोबत ठेवावे. १०५ क्रमांकालाही असाच सोबतचा इतिहास उपयोगी पडला होता. त्याचा पूर्वज असलेला १९१४ चा ‘उर-लायका’ मात्र वेट्झलारला कंपनीच्याच ताब्यात आहे.